‘चित्र काढा’ नावाचं बटण

दाताच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला ‘काढणे’ या क्रियापदाबद्दल कुणी नव्याने काही शिकवायची गरज नसते. तिथे दिवसभर तेच चालतं. दात काढायचा की ठेवायचा, काढला तर किती दुखेल, साडूने काढला त्याला अजून घास चावता येत नाही हे खरं का. बाहेरच्या खोलीत कुणी हसलं की दुसरा हमखास म्हणणार, "इथे दात काढायचं काम डॉक्टरांचं, तुम्ही कशाला काढताय?" टेबलामागे बसणाऱ्या बाईंनी हा विनोद इतक्या वेळा ऐकला होता, की तो सुरू झाला रे झाला की त्या पुढच्या पेशंटचा नंबर पुकारत. त्यावरून त्यांचं नाव पडलं नंबरताई. अशा बाईंना नेमकं याच क्रियापदाने तोंडघशी पाडावं, याला काय म्हणायचं?

त्याचं असं झालं. जगभरातली काही हौशी माणसं मिळून कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा आणि चित्राखाली मजकूर लिहायचा एक प्रोग्रॅम चालवतात. तो फुकट मिळतो. त्याला मालक नाही. आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं, बिघडलं असेल तर नीट करावं. पगार कुणालाच नाही. अशा कामाला लोक रिकामटेकडे उद्योग म्हणतात, म्हणोत बापडे. त्या रिकामटेकड्यांनी एक गोष्ट मात्र शहाणपणाची ठरवली होती: ज्याची भाषा त्याने सांभाळायची. म्हणून प्रत्येक भाषेचा एक गट, गटाला एक प्रमुख. मराठीच्या गटाच्या प्रमुख होत्या नंबरताई. दुपारी दवाखाना बंद असे तेव्हा डबा खाऊन झाला की टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्यांचं हे दुसरं दुकान उघडायचं.

त्या या भानगडीत पडल्या त्या आईमुळे. आई क्रोशाचं विणकाम करायची आणि त्याचे नमुने कागदावर बारीक चौकटी आखून काढायची. डोळे थकले, चौकटी एकमेकींत मिसळायला लागल्या. ताईंनी एक जुना कॉम्प्युटर घरी आणला, त्यावर हा प्रोग्रॅम टाकला, कारण त्यात चौकटी हव्या तेवढ्या मोठ्या करता येत. पण बटणं सगळी इंग्रजीत. आईने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे माझ्याशी बोलत नाही गं."

ताईंना ते लागलं. शोधाशोध केल्यावर कळलं, की मराठी शब्द कुणीही देऊ शकतं, फक्त अजून कुणी दिलेले नाहीत. त्यांनी पहिला शब्द दिला, ‘नवीन पान’. पुढची आवृत्ती आली तेव्हा आईने ते मोठ्याने वाचलं, बटण दाबलं आणि तिच्यासमोर कोरं पान उघडलं. ती नुसती "हं" म्हणाली आणि चौकटी मोजायला लागली. त्या ‘हं’वर ताईंनी पुढची सगळी वर्षं काढली.

गटातला दुसरा खांब म्हणजे मास्तर. हे शाळेतून निवृत्त झालेले, भाषा शिकवणारे. एकदा दाढ दुखते म्हणून दवाखान्यात आले. गाल टोमॅटोसारखा सुजलेला, पण दारावरची पाटी वाचून आत यायचं सोडून ताईंपुढे उभे राहिले. पाटीवर लिहिलं होतं, ‘येथे दात काढून मिळतील.’

"मिळतील म्हणजे?" मास्तर विव्हळत म्हणाले. "घरी न्यायला मिळतील का?"

असा माणूस हातचा घालवायचा नसतो, हे ताईंनी तिथल्या तिथे ओळखलं. दाढ बरी होईपर्यंत मास्तर गटात आले होते. आणखीही चार-पाच जण आले आणि गेले. एकीला जुळं झालं, एकाची बदली झाली. एक ‘उद्या करतो’ म्हणाला, तो अजून उद्यातच आहे. उरले हे दोघे.

प्रोग्रॅमवाल्यांचा एक नियम होता. एकाने शब्द लिहायचा, दुसऱ्याने वाचून ‘मान्य’ करायचा. आपलं लिहिलेलं आपणच मान्य करायचं नाही. नियम चांगला, पण दोनच माणसं असली की त्याचा संसार होतो. नको असलेलं चित्र पानावरून घालवायचं बटण होतं, त्याला मास्तरांनी लिहिलं, ‘चित्र निष्कासित करा’.

"मास्तर," ताई फोनवर म्हणाल्या, "हे वाचून आईला वाटेल कुणाची तरी नोकरी गेली."

"मग त्यांना नवा शब्द शिकू द्या. भाषा वाढते ती अशीच."

"तिला विणकाम करायचंय हो, परीक्षा नाही द्यायची."

ताईंनी ते खोडून ‘चित्र काढा’ लिहिलं. सुटसुटीत, घरातलं, कुणालाही कळेल असं. स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली. मास्तरांनी तोंड वाकडं करून ते मान्य केलं आणि नंतर गटाच्या पानावर एवढंच लिहिलं, ‘माझी आवश्यकता उरलेली दिसत नाही. नमस्कार.’ तो नमस्कार अगदी शेवटचा ठरला. फोन केला तर उचलत नसत. ताईही काही कमी नव्हत्या. त्यांनी फोन करायचा सोडला आणि एकट्याच शब्द लिहीत बसल्या. मान्य करायला कुणी नाही म्हणून ते सगळे नुसते साठत गेले.

अशात एका दुपारी निरोप आला. सगळ्या भाषांची मोट बांधणारी एक बाई होती, दूर कुठल्याशा देशातली. तिने सगळ्या गटांना सभ्य शब्दांत कळवलं होतं, की पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती निघेल, आणि ज्या भाषेत काम करणारी निदान दोन माणसं नाहीत, ज्यांचं काम अर्धवट लोंबकळतंय, त्या भाषेचं नाव यादीतून निघेल. अर्धी कच्ची भाषा वापरणाऱ्यांच्या गळ्यात मारण्यापेक्षा ते बरं. तिचं खोटं नव्हतं. पण ताईंना आधी आठवली ती आई. नवी आवृत्ती आली की आईचं पान पुन्हा इंग्रजी होणार, आणि आई पुन्हा म्हणणार, हे माझ्याशी बोलत नाही.

संध्याकाळी घरी गेल्यावर चेहरा लपला नाही. आईने विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. मराठीचं नाव काढणारेत."

"काय सांगतेस!" आईने सुई खाली ठेवली. "नाव काढलंस हो पोरी! मला ठाऊकच होतं."

आणि ताईंनी काही म्हणायच्या आत तिने गॅलरीतून शेजारणीला ही बातमी सांगूनही टाकली. शेजारणीने अभिनंदन केलं. ताईंनी ते मुकाट्याने घेतलं. आता त्यात खुलासा काय करणार?

दुसऱ्या आठवड्यात आणखी एक निरोप आला. गटाच्या पानावर मराठीत, बाहेरच्या माणसाने लिहिलेला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ताईंनी मोठ्या आशेने उघडला. कुणी मदतीला येतंय की काय?

‘तुम्हा लोकांना काही कळतं का?’ अशी सुरुवात होती. ‘मी बालवाडीत शिकवते. माझ्या वर्गात मुलांनी तुमच्या प्रोग्रॅमवर घर काढलं, झाड काढलं. मग मी म्हटलं, आता आणखी एक चित्र काढा. समोर बटणच आहे, चित्र काढा. मुलांनी दाबलं. सगळ्यांची चित्रं गेली. निम्मा वर्ग भोकाड पसरून रडला. चित्र काढा म्हणजे चित्र पुसून टाका, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं, त्याला एकदा माझ्या वर्गात पाठवा.’

ताईंनी ते दोनदा वाचलं, आणि मग कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. चित्र काढा. कागदावरही काढा आणि कागदावरूनही काढा. दिवसभर दात काढून घेणाऱ्यांचे नंबर पुकारणाऱ्या, फोटो काढणाऱ्या, वेळ काढणाऱ्या बाईंना हे दिसलं नव्हतं. मास्तरांना दिसलं नव्हतं. इंग्रजी वाचून मराठी लिहिणाऱ्याला ते दिसतच नाही, कारण त्याला आधीच माहीत असतं काय म्हणायचंय.

पण चूक दिसली म्हणून माणूस लगेच शहाणा होतो असं नाही. आधी त्यांचं डोकं फिरलं. फुकटात वापरायचं, एका शब्दाची मदत करायची नाही, आणि वर शहाणा कोण म्हणून विचारायचं! त्यांनी चांगलं झणझणीत उत्तर लिहून ठेवलं. पाठवण्याआधी घरी आईला वाचून दाखवावं, तीही दोन शब्द सुनावेल, म्हणून दोन्ही मजकूर मोबाइलवर घेऊन गेल्या.

आईने सगळं ऐकून घेतलं. सुई चालू होती ती थांबली.

"त्या बाईंचं बरोबर आहे," ती म्हणाली. "माझी बदकं अशीच गेली."

"कुठली बदकं?"

"उशीच्या अभ्र्याची. रांगेने चाललेली काढली होती. शेवटचं पिल्लू राहिलं होतं, म्हणून ते बटण दाबलं. त्याने विचारलं, चित्र काढायचे आहे का? म्हटलं, हो, काढायचंच तर आहे. की गेली सगळी."

"कधी?"

"झालं की आता वर्ष."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. आपल्याला कुठे त्यातलं कळतं? आणि तू एवढी खपत होतीस, तुला काय बोलून दाखवायचं? तेव्हापासून मी त्या बटणाच्या वाटेलाच जात नाही."

ताईंना लाज वाटली, अगदी कानापर्यंत. रोज दुपारी बसून त्या आईसाठी शब्द लिहीत होत्या आणि आईने वर्षभर ब्रसुद्धा काढला नव्हता. कुणाची तक्रार नाही म्हणजे काम छान चाललंय, असं त्या धरून चालल्या होत्या. अशी किती माणसं असतील, ज्यांनी बटण दाबून काहीतरी गमावलं आणि आपल्याच बोटाला दोष देऊन गप्प बसली? त्या सगळ्यांत एक बाई निघाली जी गप्प बसली नाही, आणि तिलाच आपण सुनवायला निघालो होतो! झणझणीत उत्तर त्यांनी तिथेच पुसलं आणि नवीन लिहिलं: ‘तो शहाणा मीच. वर्गात कधी येऊ?’

बालवाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती, एका दुमजली इमारतीच्या खालच्या मजल्यावर. भिंतीवर मुलांच्या उंचीपर्यंतच रंगाचे हात उमटलेले, त्याच्या वर भिंत स्वच्छ. बालवाडीच्या बाई उंच, खणखणीत आवाजाच्या, बाहीला निळा रंग लागलेला. बसायला सगळ्या खुर्च्या वीतभर उंचीच्या. ताई गुडघे हनुवटीला टेकवून बसल्या, त्यामुळे माफी मागायला वेगळं वाकावं लागलं नाही.

"तुम्ही खरंच याल असं वाटलं नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांचा राग अर्धा उतरला होता. "मी जरा जास्तच लिहिलं का?"

"कमीच लिहिलंत. आता सांगा, तिथे काय लिहू? मास्तर ‘निष्कासित’ म्हणतात."

"अगं बाई! ते ऐकूनच मूल घाबरेल." बाईंनी क्षणभर विचार केला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका मुलीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि तो खणखणीत आवाज खोलीभर घुमला, "ए, नाकात काय घातलंस? मणी? काढून टाक आधी!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"काढून टाका," ताई हळूच म्हणाल्या. चित्र काढून टाका. एवढासा ‘टाका’, आणि तो दोन सुशिक्षित माणसांना दोन वर्षांत सापडला नव्हता.

निघताना त्यांनी मुद्द्याला हात घातला. गटात या.

"मी? माझं इंग्रजी यथातथाच आहे हो."

"इंग्रजीला मी आहे. तुम्ही फक्त रागवायचं."

"रागवायचं?"

"वाचून कळलं नाही की रागवायचं, तेही आमच्या तोंडावर. ते काम करणारं कुणी नाहीये आमच्याकडे."

"ते जमेल," बाई म्हणाल्या. ते जमेल याबद्दल ताईंना तिळमात्र शंका नव्हती.

आता माणसं दोन झाली. पण साठलेला ढीग मोठा, त्यात मेनूंच्या आतले मेनू, इशारे, सूचना. इंग्रजीशी ताडून बघणारं जाणतं माणूस हवंच होतं, आणि ते फोन उचलत नव्हतं. ताई आता रोज मनात एक वाक्य जुळवत आणि रोज फोन खाली ठेवत.

अखेर मास्तरांना आणलं ते त्यांच्याच दाढेने. नंबर घेतला तेव्हा ताईंकडे न बघता घेतला. आत गेले, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बधिर व्हायला वेळ लागेल म्हणून बाहेर आणून बसवलं. अर्धा चेहरा झोपलेला, ओठ एका बाजूला लोंबलेला. जन्मात पहिल्यांदा मास्तरांना उलट उत्तर देता येत नव्हतं. असा मुहूर्त पुन्हा मिळणार नाही, हे ताईंनी ओळखलं. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"मास्तर, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "‘चित्र काढा’ मी लिहिलं. त्याने एका वर्गाची चित्रं गेली. माझ्या आईची बदकं गेली, आणि मला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नाही. तुम्ही असता तर कदाचित दुसऱ्यांदा वाचलं असतंत. एकटीला नाही जमत मला. मराठी यादीतून जाणार आहे."

मास्तर उसळले. बोट वर करून त्यांनी आपली बाजू मांडली, "हिफ्काफित..."

समोरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. मास्तरांनी पुन्हा प्रयत्न केला. "हिफ्..." आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना हसू फुटलं. हसताना ओठ वाकडा, डोळ्यांत पाणी, खांदे गदागदा हलतायत. मग त्यांनी ताईंच्या टेबलावरचा औषधाच्या कंपनीचा पॅड ओढला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘जो शब्द गाल बधिर झाल्यावर म्हणता येत नाही, तो कठीणच म्हणायचा. मी ‘काढा’ मान्य केलं ते रागात, न वाचता. चूक दोघांची.’

ताईंनी वाचलं. कागद फाडून पर्समध्ये ठेवला आणि पुढचा नंबर पुकारला.

पुढचं आधीच सांगून टाकायला हरकत नाही. मराठी यादीत राहिली. नुसती राहिली नाही, तर मोट बांधणाऱ्या त्या दूरच्या बाईने बाकीच्या भाषांना कळवलं, की मराठीवाले कसं करतात ते विचारा. ते करतात असं: डॉक्टर रविवारी दवाखान्याची किल्ली देतात, अट एकच, आतल्या खुर्चीत कुणी बसायचं नाही. बाहेरच्या खोलीत माणसं जमतात. बालवाडीच्या बाई त्यांच्या दोन मैत्रिणींना घेऊन येतात, कवळीचं माप द्यायला एकदा आलेले एक बसचालक आता रविवारीही येतात. एकाने पडद्यावरचं वाक्य मोठ्याने वाचायचं आणि सांगायचं, यावरून मी काय करीन. बाकी कुणी, आणि ज्याने ते लिहिलं त्याने तर मुळीच, मध्ये तोंड उघडायचं नाही, समजावून सांगायचं नाही. मास्तरांना हे फार जड जातं. ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात.

ढीग संपत आला त्या रविवारी ताई आईलाही घेऊन आल्या. ती नको नको म्हणत होती, मला काय कळतंय त्यातलं, उगाच तुमचा खोळंबा. बालवाडीच्या बाईंनी तिला हाताला धरून पडद्यासमोर बसवलं. आईने पदराने चष्मा पुसला आणि वाचलं:

"चालू क्रिया रद्द करायची आहे का?" खाली दोन बटणं. "ठीक आहे. रद्द करा."

आईने पुन्हा वाचलं, ओठांतल्या ओठांत. तिचं बोट एका बटणाकडे गेलं, मागे आलं, दुसऱ्याकडे गेलं.

"वरही रद्द, खालीही रद्दच," ती म्हणाली. मग मान खाली घातली. "जाऊ दे बाई. माझंच काहीतरी..."

ताई बोलायला पुढे सरकल्या आणि थांबल्या. बोलायची मनाई होती, आणि ती त्यांनीच घातली होती.

आई थांबली. तिने आजूबाजूला पाहिलं. कुणी हसत नव्हतं, कुणाला घाई नव्हती. मग तिने चष्मा नाकावर नीट बसवला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"नाही," ती म्हणाली, चांगलं मोठ्याने. "माझं काही चुकत नाहीये. हे वाक्यच चुकलंय. कोणी लिहिलं?"

"मी," मास्तर मांडीखालचे हात काढत म्हणाले. "तुम्ही कसं म्हणाल?"

"मी सरळ विचारीन. काम थांबवायचं का? हो, थांबवा. नको, चालू ठेवा."

मास्तरांनी ते जसंच्या तसं लिहिलं, काना-मात्रेचाही फरक न करता. मान्य करायची पाळी ताईंची होती. त्या पडद्यावर अगदी वाकल्या आणि खाली मान घालूनच त्यांनी बटण दाबलं, कारण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आईला दिसलं असतं, तर तिला पुन्हा वाटलं असतं की आपलंच काही चुकलं.